रेणूचे तुकडे मोजून गुणधर्म कसे काढायचे: गट-योगदान पद्धत, पायरीपायरीने

कागदावर रेणूची रचना आहे, पण त्याचा उत्कलनांक कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. प्रोसेस सिम्युलेटर (रासायनिक प्रक्रिया संगणकावर चालवून पाहणारं सॉफ्टवेअर) मात्र क्रांतिक तापमान आणि क्रांतिक दाब (ज्यापलीकडे द्रव आणि वायू वेगळे राहत नाहीत ती मर्यादा) मागतोय आणि ते दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. केमिकल इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांवर आणि नवे रेणू बनवणाऱ्यांवर ही वेळ कधी ना कधी येतेच. अशा वेळी गट-योगदान पद्धत कामाला येते. रेणूचे मिथिल, हायड्रॉक्सिल, कार्बोनिल असे ओळखीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा ठरलेला आकडा घ्यायचा, बेरीज करायची आणि ती सूत्रात घालायची.

बेरीज कुणालाही जमते. अडतं ते दोन ठिकाणी: रेणू नेमका कुठे तोडायचा, आणि आलेल्या आकड्यावर किती विसंबायचं. शिकवताना या दोन्ही गोष्टी घाईत उरकल्या जातात, म्हणून इथे त्यांच्यावरच जास्त वेळ देतो. मला या पद्धतीचा खरा उपयोग कळला तो मोजलेल्या आकड्यांशी तिची उत्तरं ओळीने ताडून पाहायला लागल्यावर. खालची बहुतेक उदाहरणं तशीच निवडली आहेत.

कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात हेर्मान कोप यांनी द्रवांचं मोलर आकारमान हे अणूंच्या वाट्यांची बेरीज म्हणून मांडलं. १९५५ मध्ये लायडरसन यांनी क्रांतिक गुणधर्मांसाठी गटांचा तक्ता दिला, १९५८ मध्ये बेन्सन आणि बस यांनी ऊष्मारसायनासाठी दिला. १९८७ मध्ये जोबॅक आणि रीड यांनी लायडरसनचाच धागा पुढे नेऊन ४१ गटांमध्ये अकरा गुणधर्म बसवले. जोबॅकची पद्धत सर्वांत अचूक नाही. पण ती कागद-पेन्सिलीने करता येते आणि तिच्या चुका ठसठशीत दिसतात, म्हणून शिकायला तीच घ्या.

## हाताशी काय हवं

- रेणूची पूर्ण रचना. नुसतं रेणुसूत्र पुरत नाही. कोणता अणू कोणाला जोडला आहे हे माहीत हवं.
- निवडलेल्या पद्धतीचा गटांचा तक्ता आणि त्याच तक्त्याची सूत्रं, स्थिरांकांसकट.
- एक स्प्रेडशीट. कॅल्क्युलेटर चालतो, पण नंतर चूक शोधायची तर प्रत्येक ओळ समोर दिसायला हवी.
- मोजलेल्या आकड्यांचा खात्रीचा स्रोत. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेचं केमिस्ट्री वेबबुक फुकट आहे आणि सुरुवातीला पुरेसं आहे.

## १. आधी मोजलेला आकडा शोधा

अंदाज हा शेवटचा पर्याय आहे. आकडा कुणी मोजलेला असेल तर तो घ्या आणि हा लेख बाजूला ठेवा. एकाच रेणूला अनेक नावं असतात, त्यामुळे एका नावाने सापडलं नाही म्हणजे माहिती नाही असं समजू नका. कॅस क्रमांकाने, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेल्या स्वतंत्र ओळख क्रमांकाने, शोधा.

सगळे गुणधर्म सापडले नाहीत तरी एखादा सापडतो, आणि तो फार मोलाचा असतो. विशेषतः उत्कलनांक. त्याचं कारण पाचव्या पायरीत येईल.

## २. गुणधर्म ओळखा, मग पद्धत निवडा

तुकड्यांची बेरीज सगळ्याच गुणधर्मांना सारखी लागू पडत नाही. रासायनिक बंधाची ऊर्जा बरीचशी त्या बंधाच्या आसपासच्या अणूंवर ठरते. म्हणून वायुरूपातली निर्मितीची एन्थॅल्पी (मूलद्रव्यांपासून रेणू बनताना होणारा उष्णतेचा बदल) बेरजेने छान येते. मोलर आकारमानाचंही तसंच. उत्कलनांक ठरतो तो रेणू एकमेकांना किती धरून ठेवतात यावर, तिथे बेरीज कामचलाऊ असते. द्रवणांक ठरतो तो स्फटिकात रेणू किती नीट रचले जातात यावर, आणि ही रचना तुकड्यांच्या यादीत कुठेच दिसत नाही. जोबॅकच्या पद्धतीत उत्कलनांकाची सरासरी चूक सुमारे १२.९ केल्विन दिली आहे, द्रवणांकाची २२.६ केल्विन. द्रवणांकाचा अंदाज मी कधीच निर्णयासाठी वापरत नाही.

ढोबळ निवड अशी करा. झटपट उत्कलनांक आणि क्रांतिक गुणधर्म हवे असतील तर जोबॅक. एन्थॅल्पी नेमकी हवी असेल, विशेषतः वलय असलेल्या रेणूंची, तर बेन्सन. लांब साखळ्यांसाठी १९९४ ची कॉन्स्टँटिनू आणि गनी यांची पद्धत. मिश्रणातले सक्रियता गुणांक (मिश्रण आदर्श वागणुकीपासून किती ढळतं ते सांगणारे आकडे) हवे असतील तर १९७५ ची युनिफॅक. पाणी आणि ऑक्टॅनॉल यांमधलं वाटप, म्हणजे औषधनिर्मितीतला लॉग-पी, हवा असेल तर १९९९ ची वाइल्डमन आणि क्रिपेन यांची अणु-योगदान पद्धत.

सापळा: दोन पद्धतींचे आकडे एकमेकांत मिसळू नका. निर्मितीच्या एन्थॅल्पीसाठी जोबॅकच्या तक्त्यात मिथिल गटाचा आकडा −७६.४५ आहे, बेन्सनच्या तक्त्यात साधारण −४२.७ (दोन्ही किलोज्यूल प्रति मोल). एकाचा आकडा चुकलाय असं वाटेल, पण इथेन करून पाहा. जोबॅकमध्ये दोन मिथिल म्हणजे −१५२.९०, त्यात सूत्राचा स्थिरांक ६८.२९ मिळवला की −८४.६. बेन्सनमध्ये स्थिरांक नाही, दोन मिथिल म्हणजे −८५.४. मोजलेला आकडा −८४ च्या आसपास. दोन्ही बरोबर आहेत, फक्त हिशेब वेगळ्या जागेपासून सुरू होतो. गटाच्या आकड्याला त्याच्या सूत्राबाहेर अर्थ नसतो.

## ३. रचना काढा आणि हायड्रोजन लिहा

सांगाडा-आकृतीत कोपरे म्हणजे कार्बन असतात आणि हायड्रोजन गृहीत धरलेले असतात. तुकडे करायला हीच आकृती सर्वांत घातक. प्रत्येक कार्बनवर किती हायड्रोजन आहेत ते स्पष्ट लिहून काढा, कारण सीएच३, सीएच२, सीएच आणि हायड्रोजन नसलेला कार्बन हे चार वेगळे गट आहेत.

मग प्रत्येक कार्बनबद्दल तीन प्रश्न विचारा: तो वलयात आहे का? त्याला दुहेरी किंवा तिहेरी बंध आहे का? त्याच्यावर हायड्रोजन किती? याची उत्तरं आकृतीवरच टिपून ठेवा.

## ४. तुकडे करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश.

मोठा गट आधी. एस्टरमध्ये कार्बोनिल दिसतो आणि शेजारी इथरसारखा ऑक्सिजनही दिसतो. पण तक्त्यात एस्टर हा वेगळा गट आहे, तोच घ्यायचा. एथिल ॲसिटेट पाहा. दोन मिथिल (सीएच३), एक मिथिलीन (सीएच२), एक एस्टर. जोबॅकच्या उत्कलनांकाच्या सूत्रात १९८.२ या स्थिरांकात गटांचे आकडे मिळवायचे:

१९८.२ + ४७.१६ + २२.८८ + ८१.१० = ३४९.३ केल्विन

मोजलेला उत्कलनांक ३५०.३. हाच रेणू कार्बोनिल (७६.७५) अधिक इथर ऑक्सिजन (२२.४२) असा तोडला तर ३६७.४ येतो. सतरा केल्विनची चूक, फक्त कात्री चुकीच्या जागी लागल्यामुळे.

बरोबर दिसणारं उत्तर चुकीच्या तुकड्यांचंही असू शकतं. ॲसिटिक ॲसिडचे योग्य तुकडे म्हणजे एक मिथिल आणि एक कार्बॉक्सिल. उत्कलनांक येतो ३९०.९, मोजलेला ३९१.१. आता कार्बॉक्सिलऐवजी कार्बोनिल आणि अल्कोहोलचा हायड्रॉक्सिल असे दोन तुकडे केले तर ३९१.४ येतं. म्हणजे तेही बरोबरच वाटतं! पण त्याच तुकड्यांनी निर्मितीची एन्थॅल्पी काढा: योग्य तुकड्यांनी −४३४.९, चुकीच्या तुकड्यांनी −३४९.४ किलोज्यूल प्रति मोल. ८५ किलोज्यूलचा फरक पडला, आणि खरा आकडा योग्य तुकड्यांच्या बाजूला आहे. तेव्हा एका गुणधर्माचं उत्तर जुळलं म्हणून तुकडे बरोबर आहेत असं मानू नका.

वलयातला आणि वलयाबाहेरचा गट वेगळा. सायक्लोहेक्सेन म्हणजे सहा मिथिलीन, पण वलयातले. वलयातल्या मिथिलीनचा आकडा २७.१५, साखळीतल्याचा २२.८८. वलयातला घेतला तर ३६१.१ केल्विन, साखळीतला घेतला तर ३३५.५. मोजलेला ३५३.९. जोबॅकच्या तक्त्यात ॲरोमॅटिक कार्बनही ‘वलयातले दुहेरी बंधाचे कार्बन’ म्हणूनच येतात, त्यांच्यासाठी वेगळी ओळ शोधत बसू नका. हायड्रॉक्सिल मात्र अल्कोहोलचा आणि फिनॉलचा असे दोन वेगळे आहेत.

तक्त्यात गट नसेल तर थांबा. जोबॅकच्या तक्त्यात सिलिकॉन, फॉस्फरस, बोरॉन नाहीत. असा रेणू आला तर पद्धत बदला. जवळचा वाटणारा गट घालून वेळ मारून नेऊ नका. याहून फसवी गोष्ट अमाइडची. अमाइड हा स्वतंत्र गट या तक्त्यात नाही, पण कार्बोनिल आहे आणि अमिनोही आहे, त्यामुळे ॲसिटामाइडचे तुकडे विनातक्रार पडतात. उत्तर येतं ३७१.८ केल्विन. मोजलेला उत्कलनांक सुमारे ४९४. म्हणजे १२२ केल्विनची चूक! अमाइडमध्ये नायट्रोजन आणि कार्बोनिल एकत्र वागतात, रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरतात, आणि दोघांना वेगवेगळं मोजणाऱ्या बेरजेला त्याचा पत्ताच नसतो. दोन ध्रुवीय गट एकमेकांना चिकटून असतील तर त्यांच्या जोडीसाठी तक्त्यात ओळ आहे का, हे आधी बघा.

शेवटी अणू मोजा. सगळ्या तुकड्यांमधले कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन मोजून बेरीज करा आणि रेणुसूत्राशी ताडा. एक अणू जरी कमी-जास्त निघाला तरी पुढे जाऊ नका. ॲसिटिक ॲसिडसारखी चूक यात पकडली जात नाही, पण विसरलेला मिथिलीन किंवा दोनदा मोजलेला कार्बोनिल लगेच सापडतो.

## ५. बेरीज करा: टोल्युईनचं पूर्ण उदाहरण

टोल्युईनचे तुकडे: एक मिथिल, पाच वलयातले सीएच आणि एक वलयातला हायड्रोजन नसलेला कार्बन. अणू मोजले तर सात कार्बन, आठ हायड्रोजन. जुळलं.

उत्कलनांक. सूत्र: १९८.२ अधिक गटांची बेरीज.

१९८.२ + २३.५८ + (५ × २६.७३) + ३१.०१ = ३८६.४ केल्विन

मोजलेला ३८३.८. तीन केल्विनच्या आत.

क्रांतिक तापमान. आधी बेरीज: ०.०१४१ + (५ × ०.००८२) + ०.०१४३ = ०.०६९४. या बेरजेला ‘ब’ म्हणू. सूत्र असं:

क्रांतिक तापमान = उत्कलनांक ÷ (०.५८४ + ०.९६५ × ब − ब चा वर्ग)

छेद येतो ०.६४६२. आता उत्कलनांक कोणता घालायचा? मोजलेला ३८३.८ घातला तर क्रांतिक तापमान ५९४.० येतं, अंदाजाचा ३८६.४ घातला तर ५९८.१. मोजलेलं क्रांतिक तापमान ५९१.८ आहे. उत्कलनांकातली चूक छेदाने भागली जाऊन दीडपट मोठी झाली. टोल्युईनमध्ये ती छोटीच होती, पण ॲसिटामाइडच्या बाबतीत काय होईल याचा विचार करा. जोबॅकची क्रांतिक तापमानाची ख्याती (सरासरी चूक ४.८ केल्विन) ही मोजलेला उत्कलनांक हाती असतानाची आहे. पहिल्या पायरीत उत्कलनांक शोधा म्हटलं ते याचसाठी.

क्रांतिक दाब. यात रेणूतल्या एकूण अणूंची संख्याही लागते, हायड्रोजन धरून. टोल्युईनमध्ये ती १५. गटांची बेरीज: −०.००१२ + (५ × ०.००११) + ०.०००८ = ०.००५१.

०.११३ + (०.००३२ × १५) − ०.००५१ = ०.१५५९

याचा वर्ग करून एकाला त्याने भागायचं: ४१.१ बार. मोजलेला दाबही ४१ बारच्या आसपासच आहे. अणुसंख्येत हायड्रोजन विसरले तर १५ च्या जागी ७ येतात आणि दाब भलताच मोठा निघतो, तेवढं सांभाळा.

क्रांतिक आकारमान. १७.५ + ६५ + (५ × ४१) + ३२ = ३१९.५ घन सेंटिमीटर प्रति मोल. मोजलेलं सुमारे ३१६.

निर्मितीची एन्थॅल्पी. ६८.२९ − ७६.४५ + (५ × २.०९) + ४६.४३ = ४८.७ किलोज्यूल प्रति मोल. मोजलेली सुमारे ५०.

सापळा: हा आकडा २९८ केल्विनला वायुरूप टोल्युईनचा आहे. द्रव टोल्युईनची निर्मितीची एन्थॅल्पी सुमारे १२ आहे. तुम्ही द्रवाच्या आकड्याशी तुलना केलीत तर पद्धत सपशेल फसली असं वाटेल, प्रत्यक्षात ती बरोबर उत्तर देतेय. उष्माधारकतेचंही तसंच: जोबॅकचं सूत्र आदर्श वायूचं आहे, द्रवाच्या हीट एक्स्चेंजरसाठी ते वापरू नका. अशा तुलनेत दोन्ही आकडे कोणत्या अवस्थेचे आहेत, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारा.

द्रवणांक. १२२.५ − ५.१० + (५ × ८.१३) + ३७.०२ = १९५.१ केल्विन. मोजलेला १७८. बाकी सगळं इतकं छान जुळणाऱ्या रेणूतही सतरा केल्विन चुकले.

## ६. पद्धतीला काय दिसत नाही ते ओळखा

बेरजेला तुकड्यांची संख्या दिसते, त्यांची मांडणी दिसत नाही. ऑर्थो, मेटा आणि पॅरा झायलीन हे तीनही रेणू दोन मिथिल, चार वलयातले सीएच आणि दोन वलयातले कार्बन एवढ्यानेच बनतात. जोबॅकसाठी तिघेही एकच रेणू आहेत.

उत्कलनांकात याने फार बिघडत नाही: अंदाज ४१४.३ केल्विन, आणि मोजलेले ४१७.६, ४१२.३, ४११.५. द्रवणांकात मात्र सगळंच ढासळतं. ऑर्थो −२५ अंश सेल्सिअसला वितळतो, मेटा −४८ ला, पॅरा +१३ ला. अंदाज तिघांसाठी एकच: −५४. पॅरा झायलीन सममित असल्यामुळे स्फटिकात छान बसतो, आणि त्याला इतर दोघांपासून वेगळं करण्याची एक महत्त्वाची औद्योगिक पद्धत याच गुणावर, म्हणजे स्फटिकीकरणावर उभी आहे. ज्या फरकावर अख्खी प्रक्रिया चालते तो फरकच या बेरजेत नाही.

ताणलेली वलयं. जोबॅकमध्ये वलयातला मिथिलीन एकच, मग वलय तीन कार्बनचं असो की सहाचं. सायक्लोप्रोपेनची एन्थॅल्पी काढली तर −१२.१ येते, मोजलेली +५३. सायक्लोहेक्सेनची −९२.५ येते, मोजलेली −१२३. एकीकडे खूप कमी, दुसरीकडे खूप जास्त, कारण गटाचा आकडा दोघांच्या मधला कुठलातरी आहे. बेन्सनने हा प्रश्न नीट हाताळला: साखळीतल्या मिथिलीनचा आकडा −२०.६ तसाच ठेवायचा आणि वलयाच्या ताणाची दुरुस्ती वेगळी मिळवायची. सायक्लोप्रोपेनला ती सुमारे ११५.५ किलोज्यूल. −६१.८ + ११५.५ = ५३.७. सायक्लोहेक्सेनला ताण जवळपास शून्य, म्हणून सहा वेळा −२०.६ म्हणजे −१२३.६. दोन्हीकडे अचूक! वलय असलेल्या रेणूची एन्थॅल्पी हवी असेल तर बेन्सन शिकण्याचे कष्ट घ्याच.

लांब साखळ्या. जोबॅकच्या सूत्रात प्रत्येक मिथिलीन उत्कलनांकात २२.८८ ची भर घालतो, पहिला असो की विसावा. खऱ्या रेणूंमध्ये ही भर साखळीबरोबर कमी होत जाते. डिकेनचा अंदाज ४२८.४, मोजलेला ४४७.३: कमी पडला. वीस कार्बनच्या आयकोसेनचा अंदाज ६५७.२, मोजलेला ६१७: चाळीसने जास्त. तीस कार्बनला अंदाज ८८६ वर जातो, मोजलेला ७२३. कॉन्स्टँटिनू-गनी पद्धतीत बेरजेचा लॉगॅरिदम घेतला जातो, त्यामुळे वाढ आपोआप मंदावते: आयकोसेनला ५९५, तीस कार्बनला ६७८. चूक तिथेही आहे, पण उत्तर हाताबाहेर जात नाही.

क्रांतिक तापमानाच्या सूत्रातही लांब साखळीचा एक सापळा लपलेला आहे. छेदातला वर्ग वजा होतो, त्यामुळे बेरीज ०.४८ च्या पुढे गेली की छेद वाढायचं सोडून घटायला लागतो. साध्या साखळीत हे सुमारे २६ कार्बनला होतं. त्यापुढे सूत्राला भौतिक अर्थ उरत नाही आणि सॉफ्टवेअर बहुधा इशाराही देत नाही.

मालिकेतला पहिला रेणू. मिथेनचे तुकडेच पडत नाहीत. मिथेनॉलचे पडतात, पण उत्तर ३१४.७ येतं आणि मोजलेलं ३३७.७ आहे. छोट्या रेणूत प्रत्येक गटाचं शेजारपण वेगळं असतं, आणि तक्ता सरासरी शेजारपणावर बनलेला असतो. सुदैवाने छोटे रेणू सगळे मोजलेले आहेत.

बरेच हायड्रॉक्सिल. एथिलीन ग्लायकोलचा अंदाज ४२९.७, मोजलेला ४७०.४. साखरेसारख्या रेणूंकडे या पद्धतीने वळूच नका.

## ७. जवळच्या नातलगावर तपासा

अंदाज वापरण्याआधी मी आग्रहाने करतो ती ही पायरी. तुमच्या रेणूसारखाच, पण मोजलेला उत्कलनांक असलेला एखादा रेणू शोधा. त्याच पद्धतीने त्याचा अंदाज काढा आणि चूक किती येते ते बघा. तेवढीच चूक तुमच्या रेणूतही असेल असं मानून पुढचं ठरवा.

त्याहून चांगलं म्हणजे नातलगाच्या मोजलेल्या आकड्यापासूनच सुरुवात करायची आणि फक्त फरकाचा तुकडा मिळवायचा. अनडिकेन हवा आहे आणि डिकेन माहीत आहे, तर ४४७.३ + २२.८८ = ४७०.२. मोजलेला ४६९.१. थेट जोबॅकने ४५१.३ आला असता. अठरा केल्विनची चूक एकावर आली, कारण साखळीभर साचलेली चूक डिकेनच्या मोजलेल्या आकड्याने पुसून टाकली.

पण नातलग डोळसपणे निवडा. एथिलीन ग्लायकोलच्या ४७०.४ वरून प्रोपिलीन ग्लायकोल काढायला गेलात तर ४९२.८ येतं. मोजलेला ४६१.३ आहे, म्हणजे ग्लायकोलपेक्षाही कमी! थेट जोबॅकचा ४५२.२ हाच जास्त जवळचा निघतो. दोन रेणूंत फरक एका मिथिलीनएवढाच दिसतो, पण तो अगदी हायड्रॉक्सिलच्या शेजारी पडतो, फांदी तयार करतो आणि एका हायड्रॉक्सिलला आडोशाला ढकलतो. फरकाचा तुकडा ध्रुवीय गटापासून दूर, साध्या साखळीत असेल तरच ही युक्ती बिनधास्त वापरा.

## ८. संगणकाकडून करून घ्या, पण आधी हाताने करा

रेणू पाच-सहापेक्षा जास्त झाले की हाताने करणं परवडत नाही. रेणू एका ओळीत लिहिण्याच्या स्माइल्स पद्धतीत यादी बनवा. आरडीकिट हे मुक्त सॉफ्टवेअर ती वाचून ठरावीक नमुन्यांशी जुळणारे तुकडे मोजतं. पायथनमधल्या थर्मो या पॅकेजमध्ये जोबॅकची पद्धत तयार आहे आणि तीही तुकडे पाडायला आरडीकिट वापरते.

स्वतः नमुने लिहिणार असाल तर चौथ्या पायरीतला नियम इथे दुप्पट लागू होतो. कार्बोनिलचा नमुना एस्टर, आम्ल आणि अमाइड या सगळ्यांत सापडतो. मोठे गट आधी शोधून त्यांचे अणू ‘वापरले’ म्हणून खूण करा, मगच छोट्यांकडे वळा. प्रत्येक रेणूसाठी अणूंची बेरीज तपासणारी एक ओळ कोडमध्ये असलीच पाहिजे आणि जुळलं नाही तर उत्तर न देता तिथेच थांबलं पाहिजे. न सापडलेला अणू मुकाट्याने सोडून देणारा प्रोग्रॅम घातक असतो, कारण तो आकडा देत राहतो.

प्रोग्रॅम तयार झाला की टोल्युईन, एथिल ॲसिटेट, ॲसिटिक ॲसिड आणि सायक्लोहेक्सेन हे चार रेणू त्यातून काढा. वरची उत्तरं आली तर ॲरोमॅटिक वलय, एस्टर, आम्ल आणि साधं वलय या चारही ठिकाणी कात्री बरोबर चालतेय.

## ९. आकडा लिहिताना

स्प्रेडशीट ३८६.४४ दाखवेल. अहवालात ‘सुमारे ३८५ केल्विन’ लिहा. ज्या पद्धतीची सरासरी चूक तेरा केल्विन आहे तिच्या उत्तरातले दोन दशांश वाचणाऱ्याची दिशाभूल करतात.

आकड्याशेजारी चार गोष्टी नोंदवा: पद्धतीचं नाव, केलेले तुकडे, सूत्रात घातलेला उत्कलनांक मोजलेला होता की अंदाजाचा, आणि तपासणीसाठी घेतलेल्या नातलगात आलेली चूक. सहा महिन्यांनी कुणीतरी, बहुधा तुम्हीच, हा आकडा उचलून ऊर्ध्वपातन स्तंभाच्या हिशेबात घालणार असतं. तेव्हा तो मोजलेल्या आकड्यांच्या रांगेत जाऊन बसला की त्याला वेगळं ओळखता येत नाही. म्हणून अंदाजाच्या आकड्यांसाठी स्प्रेडशीटमध्ये वेगळा रकाना ठेवा आणि मोजलेला आकडा मिळाला की त्याच दिवशी बदला.